सनोबर खालाचा स्वच्छ नातू

सनोबर खालाच्या मूर्खपणाला तोड नव्हती. सहा दिवसांच्या नातवाला तिनं बेशिकमध्ये करकचून बांधलं होतं. आमच्या या लाकडी पाळण्यात बाळाच्या बुडाखाली भोक असतं आणि भोकाखाली मातीचं भांडं. ते भांडं ही बाई शेजारणींना दाखवत मिरवत होती.

"बघा, तीन दिवसांत शीचा एक डाग नाही! असं स्वच्छ पोर आमच्या घराण्यात झालं नाही."

शेजारणीही माना डोलावत होत्या. पोटात गेलेलं कुठून तरी बाहेर यायला हवं, हे एकीच्याही डोक्यात येऊ नये!

मी गावची नर्स. जवळ जाऊन बघते तर बाळाच्या ओठावरून हिरवा ओघळ. पट्टे सोडले. पोट फुगून टणक झालेलं.

"ही उलटी कधीपासून?"

"सकाळपासून. शेपूचं पाणी पाजलंय. गॅस आहे गं."

"गॅस तुमच्या डोक्यात झालाय, खाला! आतडं अडलंय त्याचं. आता एक थेंब पाजलात तर याद राखा."

सून मोहीदिल रडायला लागली. खाला मात्र दारात आडवी. "चाळीस दिवस पोर उंबरा ओलांडत नाही."

"मग एक्केचाळिसाव्या दिवशी कुणाला नेणार?"

ती बाजूला झाली. मार्गिलानच्या इस्पितळापर्यंत वाटभर मी तिला सोलून काढलं.

तीन तासांनी सर्जन मिर्झाएव बाहेर आले. "आतड्याला पीळ पडला होता. सोडवला. वीतभर काळं पडलेलं, ते कापलं. पोर जगेल. दोन दिवस आधी आणलं असतं तर कापावं लागलं नसतं." मग त्यांनी बाळाचं कार्ड उघडलं. "चौथ्या दिवशी लिहिलंय, 'पोट मऊ, शी व्यवस्थित.' खाली सहीचा नुसता फराटा. कुठल्या गाढवानं लिहिलं हे?"

मी. त्या दिवशी खालानं मटण भरलेले गरम समसे पुढ्यात ठेवले होते, आणि मला पट्टे सोडायचा कंटाळा आला होता.

"मीच अडवलं या नर्सला, डॉक्टर," खाला पुढं झाली. "पोर झोपलंय, सोडू नकोस म्हटलं."

पोर तेव्हा टक्क जागं होतं.

"तुमच्यासारख्या म्हाताऱ्यांमुळेच पोरं मरतात!" डॉक्टर कडाडले.

ती मान खाली घालून ऐकत राहिली. आणि मी, निर्लज्ज, तिला ऐकू दिलं.