शिडीनंतरची चाळीस मिनिटं

दुबईत, करामातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला सगळे चकलीवाली कमलिनी म्हणून ओळखतात. वय चोपन्न. दीड वर्ष मी लेडीज क्लबात पोहायला शिकत होते आणि घरात ते कुणीही मनावर घेतलं नव्हतं. माझ्या लेकीने, पर्णिकाने, मेक्सिकोतल्या गुहांची ट्रिप ठरवली आणि ऐन वेळी तिची मैत्रीण गळाली, तेव्हा मी म्हटलं, मी येते. माझे यजमान आत्माराम जेवता जेवता हसले. विहिरीत उतरायला सात समुद्र कशाला ओलांडायचे, म्हणाले. मी त्यांना कढी वाढली आणि दुसऱ्या दिवशी व्हिसाचे कागद भरले.

युकातानच्या जंगलात चालता चालता जमीन एकदम खचलेली दिसते आणि तळाशी निळंशार पाणी. त्याला सेनोते म्हणतात. तिथल्या माया लोकांचा पावसाचा देव या पाण्यात राहतो. पहिल्या तीन सेनोतेंमध्ये पर्णिका धपाधप उड्या मारत होती आणि मी काठावर टॉवेल, चपला आणि तिचा फोन सांभाळत होते. "आई, यू रिलॅक्स," ती दर वेळी म्हणायची. रिलॅक्स व्हायला करामातला सोफा काय वाईट होता?

चौथ्या दिवशीची गुहा वेगळी होती. एका तोंडाने शिरायचं, जमिनीखालच्या नदीतून अडीच तास चालत, पोहत दुसऱ्या तोंडाने बाहेर पडायचं. त्या गुहेचं नाव ऐकल्यापासून मला झोप नव्हती. काहीही झालं तरी या पाण्यात मी उतरणार होते.

दारात इत्सेल उभी होती. ही आमची वाटाडी, माया बाई, तिशीतली, बोलणं मोजकं. तिने प्रत्येकाचे हात, मान, केस तपासले. क्रीम, अत्तर, तेल काही चालत नाही, कारण आसपासची गावं हेच पाणी पितात. माझ्यापाशी ती थांबली. केस खराब होऊ नयेत म्हणून मी सकाळीच डोक्यावर चांगलं पळीभर खोबरेल थापलं होतं. इत्सेलने मान हलवली. साबणही चालणार नव्हता आणि बॅच दहा मिनिटांत आत जाणार होती.

"इट्स ओके आई, यू वेट हिअर," पर्णिका म्हणाली. तिला फारसं वाईट वाटलेलं दिसेना. माझं डोकंच फिरलं.

फाटकाबाहेर एक बाई मक्याच्या भाकऱ्या थापत होती. डाळीच्या पिठाने तेल निघतं हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, मग मक्याच्या पिठाने का निघू नये? मी खुणा करून तिच्याकडून ओंजळभर कोरडं पीठ मागितलं, केस सोडले आणि सगळ्यांदेखत खसाखसा चोळायला लागले. भाकरीवाली हसत उठली आणि मागून चोळू लागली. मग फाटकाजवळच्या शॉवरखाली गार पाणी. इत्सेलने ओली बट चिमटीत धरून पाहिली, हुंगली आणि माझ्या डोक्यावर दिव्याचं हेल्मेट चढवलं. मला नाचावंसं वाटलं.

आत जाण्यापूर्वी तिने धूप जाळला, चारी दिशांना दाखवला आणि गुहेची परवानगी मागितली. मीही हात जोडले.

पाणी असं गार की पहिल्या पावलाला श्वासच अडकला. मग कंबर, मग छाती, मग पाय सुटले आणि मी चक्क पोहत होते. दिव्याच्या उजेडात छतावरून दगडी झुंबरं लोंबत होती, पाण्याखाली तळाचा खडा न खडा दिसत होता. एका ठिकाणी छत इतकं खाली आलं की पाणी आणि दगड यांच्यात वीतभर जागा उरली. मान मागे टाकून, नाक वर ठेवून मी सरकत गेले. छातीत ढोल वाजत होता आणि मला हसू फुटत होतं.

पलीकडे मोठी पोकळी होती. छताला भोक, त्यातून ऊन, झाडाची मुळं पार पाण्यापर्यंत आलेली, आणि एक लाकडी शिडी. इत्सेल म्हणाली, ज्यांना वर जायचंय त्यांनी इथूनच जावं, वर आपला भाऊ कॉफी घेऊन थांबलाय. पुढची चाळीस मिनिटं बाहेर पडायला वाट नाही.

पर्णिकाचा चेहरा पांढराफटक झाला होता. त्या अरुंद जागेत ती घाबरली होती. मी तिला धरलं, श्वास जागेवर येईपर्यंत पाठ चोळली.

"आई, लेट्स गो अप," ती म्हणाली आणि शिडीकडे वळली. मी मागून येणार हे तिने धरूनच चाललं होतं. तिची काय चूक? चोवीस वर्षं मी येतच आले होते. आताही माझा पाय आपोआप पहिल्या पायरीवर पडला.

तो मी काढून घेतला.

"तू जा," मी म्हटलं. "वर इत्सेलचा भाऊ थांबलाय, ऊन आहे, कॉफी आहे. मी पुढे जातेय."

ती शिडी धरून माझ्याकडे बघतच राहिली. तरी मी वळले. ती वर पोचल्याचा भावाने आवाज दिला आणि आम्ही निघालो.

पुढे काय होतं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. एका कोनाड्यात मातीचं मडकं होतं, हजारेक वर्षांपूर्वी कुणी माया माणसाने ठेवलेलं. वरच्या दगडातून त्यात थेंब पडत होता. महादेवाच्या पिंडीवर गळतीतून पडतो तसा, सावकाश. कुणाचा हात न लागलेलं पाणी देवाला वाहायचं, म्हणून पूर्वीचे लोक ते इथून नेत, इत्सेल हळूच म्हणाली. मग तिने सगळ्यांचे दिवे बंद करायला लावले. डोळे उघडे की मिटलेले तेही कळेना. फक्त तो थेंब आणि माझा श्वास. मला कुणी हाक मारत नव्हतं. मी इतकी खूश होते की त्या काळोखात ढसाढसा रडले.

बाहेरच्या तोंडाशी पर्णिका उन्हात उभी होती. रागावली असेल असं वाटलं होतं, पण तिने आधी मला घट्ट मिठी मारली. मग माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"आई, पुढे काय होतं?"

सगळं ओठावर आलं होतं. मडकं, थेंब, काळोख.

"उद्याच्या बॅचमध्ये दोन जागा आहेत," मी म्हटलं. "मी पुढे राहीन. तू माझा हात धर."