कडुलिंबाची जागा

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतले आम्ही बाराजण येवल्याच्या माळावर निघालो, तेव्हा मांडीवर कडुलिंबाचं रोप घेऊन बसलेली मी एकटीच. सहल म्हणे अभ्यासाची होती, व्हॉट्सअ‍ॅपवर तसं लिहिलेलं. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला आता कोण शिकवणार? मला फक्त रोप लावायचं होतं. आमचे हे, सावळीराम, लहानपणी याच माळावर शेळ्या राखायचे. "टेकायला एक झाड नव्हतं गं," म्हणायचे. शेवटच्या आजारपणात मी त्यांना शब्द दिला होता, तुमच्या माळावर सावली करीन.

माळ दाखवायला गावातला नवनाथ आला होता. मी खुरपं काढलं तसा तो धावतच आला.

"बाई, इथं झाड नाय लावायचं."

"का? झाड लावणं पाप आहे का रे आता?"

"झाडावर कावळे बसतात आन् पाखरांची अंडी पळवतात. हरणालाबी लांबचं दिसाया मोकळं लागतं. हा माळ उजाड नाय बाई, तो असाच असतो."

"मला अक्कल शिकवू नकोस," म्हणत मी चार पावलं पुढे गेले आणि खणायला बसले. डोक्यावर एक टिटवी जीव खाऊन ओरडायला लागली.

"बाई, हलू नका!"

माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर, खड्यांमध्ये चार अंडी होती. अगदी मातीच्या रंगाची. अगं बाई! खड्डा हातांनीच बुजवला आणि मागे सरले. फार लाज वाटली.

आम्ही लांब जाऊन बसलो. टिटवी हळूच अंड्यांवर येऊन बसली. तेवढ्यात गवतातून काळवीट उधळले, एकामागून एक, उड्या मारत. सावलीची तक्रार हे कधीमधी करायचे. या उड्या मात्र रोज जेवताना सांगायचे, हातातला घास तसाच धरून. मला रडू आलं आणि हसूही.

"रोपाचं काय करू रे आता?"

"आमच्या शाळेत लावू. पोरं उन्हात डबा खातात."

हेही त्याच शाळेत शिकलेले. रोप नळाजवळ लावलं. नवनाथनं पाणी घातलं, आळंही केलं.

परतताना दिसेनासा होईपर्यंत मी माळाकडे बघत होते.

"सावली शाळेत ठेवली हो," मी हळूच म्हटलं. "माळ तुमचा होता तसाच आहे."