आतल्या बाजूची कडी

मी कडी बोलतेय. दाराला आतून लावायची, आडवी सरकणारी, लोखंडी. माझा जन्मच मारझोडीत झाला. पट्टीवर यंत्राचा एक घाव, मग दुसरा, मग भोकं पाडायला आणखी. वाटलं, आता आयुष्यभर दाराला टेकून आराम. कसला आराम!

दुकानातून मी एका शाळेत आले. वरच्या वर्गांना घर सांभाळायला शिकवणारा एक ऐच्छिक विषय होता. बटण लावणं, इस्त्री करणं, फ्यूज बदलणं, दाराला कडी बसवणं. बाकीची मुलं त्याला ‘भांडीकुंडी’ म्हणून हिणवायची. शिकवणाऱ्या बाई मात्र कडक. कडी एका बोटाने सरकली पाहिजे, नाहीतर काढा आणि पुन्हा बसवा. रोज मला प्लायवूडच्या पातळ फळीवर बसवायचे आणि तास संपला की काढायचे. फळीतून टोक पलीकडे निघून कुणाच्या हाताला लागू नये म्हणून स्क्रू आखूड असत.

वर्गात एक मुलगी होती. तोंडातून सहसा शब्द फुटत नसे, म्हणून सगळे तिला घुमी म्हणत. पण माझ्यावर हात तिचाच बसला होता. एकदा बाईंना विचारून तिने मला घरी नेलं, त्याच आखूड स्क्रूंसकट. सराव करते, म्हणाली.

सराव कसला! तिच्या बापाला हात उचलायला कारण लागत नसे. घुमीने मला आतल्या खोलीच्या दाराला बसवलं, एका बोटाने सरकवून पाहिलं. संध्याकाळी बापाने आईच्या अंगावर पातेलं भिरकावलं, तशी तिने आईला आत ओढलं आणि मला लावलं. मला केवढा अभिमान वाटला! तो पहिल्या लाथेपर्यंतच टिकला. स्क्रू लाकडातून सुटले, मी जमिनीवर आदळले आणि दार आईच्या कपाळावर बसलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. घुमी मधे पडली. बापाने मलाच उचललं आणि तिच्या हातावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज माझ्याइतक्या जवळून कुणी ऐकला नसेल. लोखंडाला लाज वाटत नाही असं कोण म्हणतं?

प्लास्टरमधला हात घेऊन ती वर्गात आली. मला बाईंच्या टेबलावर ठेवून एवढंच म्हणाली, “बाई, स्क्रू निघाले.”

बाई त्याच दिवशी तिच्या घरी गेल्या. आई म्हणाली, आम्ही दोघी जिन्यावरून घसरलो. बाई परत आल्या आणि त्यांनी फळी बाजूला टाकून खऱ्या चौकटीवर, लांब स्क्रूंनी, मला बसवायला शिकवलं. मग सगळ्यांना खिडकीशी उभं केलं. “कडी दाराला अडवते, माणसाला नाही. ती फक्त वेळ देते. तेवढ्या वेळात ओरडायचं.” अख्खा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडला. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर धावत आले. घुमीच्या तोंडून मात्र आवाज निघेना.

मी पुन्हा त्या दारावर गेले, या वेळी लांब स्क्रूंनी. आणि तो पुन्हा आला. आधी लाथा, मग खांदा, मग लोखंडी स्टूल. चौकटीच्या ढलप्या उडाल्या. मोडेन पण वाकणार नाही, असं माणसं छाती फुगवून म्हणतात. मी मुकाट्याने वाकले, म्हणून टिकले. आई कोपऱ्यात डोकं धरून बसली होती. घुमी खिडकीशी गेली, तोंड उघडलं, काहीच नाही. स्टूल पुन्हा आदळलं. आणि ती ओरडली. असा आवाज मी कारखान्यातही ऐकला नव्हता.

समोरची इस्त्रीवाली हातातलं काम टाकून धावली, तिच्यामागे गॅरेजवाले. त्यांनी बापाला खाली पाडून धरून ठेवलं, ते पोलीस येईपर्यंत.

मी इतकी वाकले होते की सरकेना. घुमीने प्लास्टर नसलेल्या हाताने माझे स्क्रू काढायला घेतले, आईने मला धरून ठेवलं. आईने विचारलं, “हे कुठे शिकलीस गं?”

“भांडीकुंडीच्या तासाला.”

मायलेकी आता मावशीकडे राहतात. मी वर्गात खिळ्याला टांगलेली असते. नवी मुलं विचारतात, हिला ठोकून सरळ का करत नाही? नको रे बाबांनो, पुष्कळ घाव झाले. मला अशीच राहू द्या. तुमच्या कडीला स्क्रू लांब घ्या. आणि बंद खिडकीआडून कुणी ओरडलं, तर हातातली इस्त्री खाली ठेवून धावा. मी फार वेळ थोपवू शकत नाही.