निरोपाचा खो

थोरल्या संबोधीला महूला दिली ते साल एक्क्याण्णव. लग्नाचा मांडव उतरून महिना झाला नाही तोच मिलचा भोंगा बंद पडला आणि तिचे वडील किसनराव घरी बसले. घरी बसले हे आपलं म्हणायला. मिलच्या सुतारखात्यात वीस वर्षं उभ्याने काम केलेला माणूस, त्याला घरात बसवेना. सुरुवातीला सकाळी उठून मिलच्या फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. मग एके दिवशी धाकट्या अश्वजितच्या शाळेच्या मैदानावर जाऊन बसले, ते रोज बसायला लागले.

अश्वजित बारावीत होता, शाळेच्या खो-खोच्या टीममध्ये होता. बाप खेळ बघायला येतो म्हटल्यावर पोराची छाती फुगणारच. त्याची दोन दिवस फुगलीही. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की बापाची नजर आपल्यावर नाहीच. ती धनेशवर आहे.

धनेश म्हणजे बँकेतल्या बाबूचा मुलगा. राहायला छत्रीबाग मोहल्ल्यात, पायात पांढरे बूट. खांबाला एका हाताने धरून अंग असं झोकून द्यायचा की निसटलेला गडीही बाद व्हायचा. त्याने सूर मारला की किसनराव गुडघ्यावर थाप मारून म्हणायचे, “वा भिया, वा.” अश्वजितला कधी कोणी वा म्हटलं नव्हतं. तो मधल्या चौकोनात बसायचा, खो मिळाला की उठायचा, चार पावलं पळून दुसऱ्याला खो द्यायचा. हे काम टाळ्या मिळण्यातलं नव्हे.

खांबाचं कुसळ तळहातात शिरतं अशी धनेशने एकदा तक्रार केली. दुसऱ्या दिवशी किसनराव घरून रेगमाल, म्हणजे लाकूड घासायचा खरखरीत कागद, घेऊन आले आणि दोन्ही खांब घासघासून काचेसारखे गुळगुळीत करून ठेवले. मग तो त्यांचा रोजचाच उद्योग झाला. इकडे घरी अश्वजितच्या खाटेचा पाय दिवाळीपासून डुगडुगत होता. त्याला रेगमाल नाही, पाचर नाही, काही नाही.

रात्री जेवताना किसनराव धनेशचं कौतुक सांगत बसायचे. पोराच्या अंगात स्प्रिंग आहे म्हणायचे. एकदा अश्वजितच्या आईने, कौसल्याबाईंनी, न राहवून विचारलं, “आणि आपला?”

किसनरावांनी घास चावत विचार केला. “आपला बसतो चांगला,” ते म्हणाले.

अश्वजित त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठला.

फेब्रुवारीत बारावीच्या मुलांचा निरोप झाला. त्या शाळेत खेळाच्या टीमची एक वेगळीच रीत होती. बारावीची मुलं सगळ्या शाळेसमोर मैदानावर खो-खोसारखी ओळीने बसायची, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. एकाने उभं राहून टीमची एक आठवण सांगायची, मग कोणाच्या तरी पाठीला हात लावून खो द्यायचा आणि कचोरी खायला बाजूला जायचं. ज्याला खो मिळाला त्याने उठायचं. शेवटी उरलेल्याने खेळाच्या शरद सरांना खो द्यायचा, म्हणजे कार्यक्रम संपला.

पहिला बंटी उठला. त्याने देवासची मॅच सांगितली, शेवटच्या मिनिटाला धनेशने मारलेला सूर सांगितला. दुसऱ्यानेही तेच सांगितलं, फक्त त्याच्या सांगण्यात धनेश हातभर जास्त लांब उडाला. तिसऱ्याने बस बंद पडल्याची गोष्ट काढली, तर तिच्यातही धक्का मारायला सगळ्यात पुढे धनेश. अश्वजित मांडी घालून ऐकत होता. देवासला त्या सुराच्या आधी धनेशला खो कोणी दिला होता? हे कोणीतरी बोलेल म्हणून तो कान लावून बसला होता. ओळ कमी कमी होत गेली. त्याच्या पाठीला कोणाचा हात लागला नाही.

शेवटी दोघंच उरले. धनेश उठला. आता तरी हा देवासचं बोलेल असं अश्वजितला वाटलं.

“मी मॅचचं नाही सांगत,” धनेश म्हणाला. “किसनकाकांचं सांगतो. मी त्यांना एकदा विचारलं, काका, पोरगा तुमचा खेळतो आणि तुम्ही बघता माझ्याकडे, ये क्या बात हुई? तर म्हणाले, आमच्या आशूकडे सरळ बघितलं की त्याचा पाय अडखळतो. म्हणून तुझ्याकडे बघतो, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे.”

मग त्याने अश्वजितच्या पाठीवर हात ठेवला. “खो.”

अश्वजित उठला. दुसरा कोणी असता तर त्याचे डोळे भरून आले असते. तो मात्र संतापला. बापाने आयुष्यात एक गोड वाक्य बोलावं आणि तेही ह्याला सांगावं?

“देवासला खो मी दिला होता,” तो म्हणाला. त्याच्याने एवढंच बोलवलं.

कोणी हसलं नाही. कचोरी हातात धरून बंटी म्हणाला, “बात तो सही है भिया.” धनेशनेही मान हलवली.

आता सरांना खो द्यायचा. शरद सर खुर्चीवरून अर्धे उठलेही होते. पण तेवढ्यात अश्वजितला दिसलं की धनेश पलीकडच्या खांबाकडे बघतोय. तिथे किसनराव पाठ करून बसले होते आणि आजही खांब घासत होते. हा आता तिकडे जाणार, काकांना बोलावणार आणि हेही आपल्या हातून जाणार, असं त्याच्या मनात आलं. आणि तो पळाला. कुठल्या मॅचमध्ये पळाला नव्हता असा पळाला. बापाच्या पाठीला हात टेकवून ओरडला, “खो!”

किसनरावांनी मागे वळून पाहिलं. इतके महिने खेळ बघत होते, खो मिळाल्यावर काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. हातात रेगमाल तसाच धरून ते उठले आणि समोरच्या खांबाकडे धोतर सावरत पळत सुटले. अर्ध्या वाटेत एक चप्पल मागे राहिली. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. खांबाला हात लावून ते वळले तेव्हा धापा टाकत हसत होते, आणि अगदी सरळ अश्वजितकडे बघत होते.

धनेश ती चप्पल उचलायला वाकला होता. अश्वजितने त्याच्या हातातून ती ओढून घेतली आणि स्वतः नेऊन दिली.

खाटेचा पाय किसनरावांनी त्या रविवारी दुरुस्त केला. त्याच खाटेवर, चौऱ्याण्णव सालच्या रंगपंचमीला सकाळी, किसनराव वारले.