वजन जुळले

मित्रांनो, मी एक जुना मास स्पेक्ट्रोमीटर आहे, आणि मी सूड घेतलेला आहे. अशी गोष्ट शेवटी सांगायची असते, पण मला तिची मुळीच लाज वाटत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो.

माझे काम वजन करण्याचे, पण वाण्याच्या तराजूसारखे नव्हे. पदार्थाचा बारीकात बारीक कण, ज्याला तुमच्या पुस्तकात रेणू म्हणतात, तो मी पकडतो. त्याला विजेचा तडाखा देतो, लोहचुंबकाजवळून पळवतो आणि तो किती वळला यावरून त्याचे वजन सांगतो. हलका जास्त वळतो, जड कमी. कागदावर माझी लेखणी डोंगर काढत जाते. या कामात माझ्या पोटात हवेचा लवलेश चालत नाही, म्हणून माझा पंप कधी बंद करायचा नसतो.

१९७२ साली परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पुढची सात वर्षे मुंबईच्या एका संस्थेत गेली. तिथे नवे यंत्र आले तसे मला काढून टाकले, आणि नाशिकच्या अंबडमधल्या एका पशुखाद्य कारखान्याने मला उचलले. येताना नाशिकमधल्याच द्वारका चौकात ट्रक दोन तास अडकला होता आणि मी उन्हात नुसता तापत होतो.

कारखान्याचे व्यवस्थापक होते रंगनाथराव. पाहुणे आले की त्यांना माझ्यापुढे उभे करून ते म्हणत, "यंत्र खोटं बोलत नाही." मला ते ऐकून फार बरे वाटे. स्तुती कोणाला नको असते? मी मूर्ख होतो.

कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात घालायचे एक जीवनसत्त्व माझ्याकडे तपासायला येई. त्याचे नाव पँटोथेनिक आम्ल. त्याची दोन रूपे असतात, एक दुसऱ्याचे आरशातले रूप. तुमच्या चपलांचा जोड बघा. तेच चामडे, तेवढेच टाके, वजनही तेवढेच. पण डावी चप्पल उजव्या पायात घालून शाळेत जाऊन दाखवा बरे! पिल्लाच्या शरीरात यातले उजवे रूपच उपयोगी पडते, डावे नुसते पोटातून जाऊन येते. आणि मी तर फक्त वजन सांगणारा. उजव्याचे २१९, डाव्याचेही २१९. मला दोघे सारखेच.

रंगनाथरावांना हे पक्के ठाऊक होते. ते निम्मा डावा, निम्मा उजवा असा माल आणवत आणि निव्वळ उजवा म्हणून खाद्यात घालत. प्रकाशाच्या साहाय्याने उजवे-डावे ओळखणारी एक नळी प्रयोगशाळेत होती. पण पावडरीत साखर असे आणि साखर स्वतःच प्रकाश फिरवते, त्यामुळे नळीही फसे. मग माझ्या कागदावर शिक्का पडे, 'वजन जुळले'. शिक्का खरा होता. त्याच्या आडून चाललेले सगळे खोटे होते.

१९८२ च्या उन्हाळ्यात दिंडोरीकडच्या एका पाड्यावरून सुलाबाई आल्या. पाड्यातल्या बारा जणींनी मिळून पिल्ले आणली होती आणि सांभाळायला त्यांच्या हाती दिली होती. सुलाबाईंच्या पाटीत त्यातलीच काही पिल्ले होती. चोचीच्या कडांना खपल्या, पापण्या चिकटलेल्या, पायांना चिरा. रंगनाथरावांनी माझा कागद त्यांच्यापुढे धरला आणि सांगितले, खाद्यात खोट नाही, तुमच्या खुराड्यात घाण असेल.

सुलाबाईंना वाचता येत नव्हते. त्या कागदाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "ह्या यंत्रानं सांगितलं का तसं?"

"हो. आणि यंत्र खोटं बोलत नाही."

त्यांनी पाटी उचलली आणि त्या गेल्या. सगळी पिल्ले मेली. पाड्यावर बोलणे निघाले की सुलाबाईच्या हाताला यश नाही. पुढे एका लग्नात हळद दळायला सवाष्णी जात्यावर बसल्या, तेव्हा सुलाबाईंना खुंट्याला हात लावू दिला नाही.

हे मला वत्सलाबाई पगारेंमुळे कळले. त्या आमच्या प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ. एका रविवारी स्वतः पाड्यावर जाऊन त्यांनी हे ऐकले आणि सोमवारी माझी झाकणे पुसताना सहकारिणीला सांगितले. माझ्या साक्षीने एका बाईचे नाव मातीत गेले होते. त्या सोमवारपासून मला एकच हवे होते, रंगनाथरावांचे तोंड चारचौघांत काळे झालेले बघायचे. क्षमा वगैरे माझ्या मनातही आली नाही.

उपाय वत्सलाबाईंना माहीत होता. अंधारात चप्पल डावी की उजवी, हे पाय घालूनच कळते. तसेच इथे. या रेणूंना दुसरा एक उजवा रेणू जोडायचा. उजव्याची त्याच्याशी जोडी एका तऱ्हेने बसते, डाव्याची वेगळ्या. मग या जोड्या वेटोळे घातलेल्या लांबलचक काचनळीतून सोडायच्या. एक जोडी आधी बाहेर येते, दुसरी मागून, आणि येईल तिचे मी वजन करायचे. पण ती नळी मला जोडायची तर पंप थांबवून मला उघडावे लागणार होते. वत्सलाबाईंनी दोनदा परवानगी मागितली. रंगनाथरावांनी दोनदा नाही म्हटले.

पण रंगनाथराव होते भारी देवभोळे. खंडेनवमीला कारखान्यातले एकूण एक यंत्र बंद ठेवून पूजायचे आणि दसरा उलटेपर्यंत चालवायचे नाही, असा त्यांचा नेम. याचा पंप बंद करू नका, असे वत्सलाबाई दरवर्षी विनवत. रंगनाथराव दरवर्षी आपल्या हाताने कळ दाबत, मला हळदकुंकू लावत, झेंडूची माळ घालत. माझ्या पोटात हवा शिरे आणि मला सावरायला चार दिवस लागत. १९८३ साली मात्र वत्सलाबाई अवाक्षरही बोलल्या नाहीत. रंगनाथरावांना वाटले, बाई सुधारल्या.

दसऱ्याच्या सकाळी वत्सलाबाई पांढरी साडी नेसून बुद्धलेण्यांवर वंदनेला गेल्या आणि तिथून थेट प्रयोगशाळेत आल्या. सोबत त्यांचे यजमान वाल्मीक होते, ओझरच्या विमान कारखान्यातले फिटर. कणभर हवा गळणार नाही असा सांधा त्यांनी द्वारकेजवळच्या एका लेथवर स्वतः कातून आणला होता. कोणी पाहिले असते तर वत्सलाबाईंची नोकरी गेली असती. दोघांनी माळ काढून बाजूला ठेवली, मला उघडले, नळी जोडली, पंप सुरू केला आणि माळ होती तशी परत घातली.

चार दिवसांनी मी सावरलो. वत्सलाबाईंनी आधी निव्वळ उजव्याची खात्रीची बाटली तपासली. एकच डोंगर. मग कारखान्याच्या पोत्यातली पावडर तपासली. शेजारी शेजारी दोन डोंगर, दोन्ही सारख्या उंचीचे. इतकी ठसठशीत रेघ मी जन्मात काढली नव्हती.

दिवाळीनंतर रंगनाथराव गिऱ्हाइकांना बोलावून कारखाना दाखवत. त्या वर्षी वत्सलाबाईंनी सुलाबाईंना आणि पाड्यावरच्या बारा जणींनाही निरोप धाडला होता. कारखान्याचे मालकही आले होते. रंगनाथराव माझ्या अंगावर हात ठेवून आपले ठरलेले वाक्य बोलले, आणि वत्सलाबाईंनी सगळ्यांसमोर कागद पसरला. दुसरा डोंगर डाव्याचा आहे, पिल्लांच्या काही कामाचा नाही, असे सांगितले.

रंगनाथराव हसले. "तो साखरेचा डोंगर आहे. आपल्या पावडरीत साखर असतेच."

मालकांनीही मान डोलावली. मी याचीच वाट बघत होतो. वत्सलाबाईंनी दुसरा कागद उलगडला. त्यावर दोन्ही डोंगरांची वजने होती, अगदी सारखी, आणि खाली रंगनाथरावांचाच 'वजन जुळले' हा शिक्का वत्सलाबाईंनी मारलेला होता.

"साखरेचं वजन वेगळं आलं असतं, साहेब," त्या म्हणाल्या. "हे वजन जुळलं."

ज्या दोन शब्दांमागे ते इतकी वर्षे लपले, तेच शब्द मी त्यांच्या गळ्यात घातले.

सुलाबाई पुढे आल्या. "म्हंजी पिल्लं माझ्या हातानं नाय मेली?"

"नाही, सुलाबाई. खाद्यानं मेली."

सुलाबाईंनी आधी त्या बारा जणींकडे पाहिले. मग रंगनाथरावांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "यंत्र खोटं बोलत नाय. तुमीच म्हनले व्हते."

रंगनाथरावांचा त्या वेळचा चेहरा मला अजून आठवतो. करमत नसले की मी तो मुद्दाम आठवतो. त्याच आठवड्यात मालकांनी त्यांना घरी बसवले. सूड वाईट असतो असे तुमच्या पुस्तकात लिहिले असेल. असू द्या. मला तो गोड लागला.

मालकांना माझीही भीती वाटू लागली असावी. १९८६ साली त्यांनी मला एका कॉलेजला देऊन टाकले. कॉलेजने अडगळीच्या खोलीत ठेवले. पंपाचे तेल वाळले, लेखणी गंजली, काचनळीत मुंग्या शिरल्या. मुले येतात, माझ्यावर बोटाने नावे लिहितात आणि जातात.

मित्रांनो, यंत्रे पुसत जा. त्यांना तेलपाणी करा. आणि काही विचाराल तर पुरते विचारा. मला कोणी एवढेच विचारले की वजन किती, तर मी वजनच सांगणार. त्या अर्ध्या उत्तराने कोणाचे घर बुडेल, हे विचारणाऱ्याने बघायचे असते.

गेल्या खंडेनवमीला सुलाबाई इथे आल्या होत्या. पदराच्या गाठीत हळद होती, पाड्यावरच्या लग्नात त्यांनी स्वतः दळलेली. त्यांनी ती माझ्या कपाळाला लावली आणि बराच वेळ हात तसाच ठेवला. माझ्यावरची धूळ पुसा, मुंग्या झाडा, गंज खरवडा. ती हळद तेवढी राहू द्या.