मधल्या पाण्यात माझा जोर जातो

मी पाण्यावरची स्कूटर बोलतेय. शहरातले पाहुणे मला जेट स्की म्हणतात. मला चाकं नाहीत. पोटाखाली एक जाळी आहे. तिच्यातून पाणी आत येतं, आतला पंखा ते जोरात मागे फेकतो आणि मी पुढे पळते. माझं सगळं बळ एवढ्यातच आहे.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. मला आठवतं ते अलिबागकडच्या किनाऱ्यापासून पुढचं. सहा वर्षं खाऱ्या पाण्यात गेली. मग पिंपळवंडीच्या गोरखने मला टेम्पोत घातलं आणि माळशेज घाट चढवून आणलं. आंबेगाव तालुक्यातल्या एका धरणावर त्याने बोटिंग सुरू केलं होतं. बायको अश्विनी नाष्ट्याचं बघायची. मुलगी अक्षदा कॉलेजला होती. सुट्टीत ती मला चालवायची. तिचा हात हलका होता. वापर झाला की आठवणीने गोड्या पाण्याने धुवायची मला. माणसं यंत्र वापरतात फार आणि बघतात कमी. ती बघायची.

या धरणात एक गाव बुडालेलं आहे. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं, पण माझ्या बुडाला कळायचं. मधल्या पाण्यात गेलं की एकदम गारवा लागायचा. हवा आत ओढताना चुलीच्या धुराचा वास यायचा, आणि काठावर तर कुठे चूल पेटलेली नसायची.

मार्चमध्ये, पाणी उतरायला लागलं तेव्हा, पहिल्यांदा माझा जोर गेला. गोरख मला घेऊन भर वेगात निघाला होता. मधल्या पाण्यात इंजिन ओरडत राहिलं, पण मी पुढे सरकेना. खालून कुणीतरी धरून ठेवावं तसं. शेवटी दुसऱ्या बोटीला दोर बांधून मला ओढत आणलं.

गोरखने बोरी बुद्रुकच्या भिमाजीला बोलावलं. भिमाजी विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणारा. मी त्याला नवीनच होते. त्याने प्लग काढून पाहिले, ते कोरडे, भुऱ्या रंगाचे. पेट्रोलच्या फिल्टरमध्ये पाणी नव्हतं. बॅटरी ठणठणीत होती.

"इंजिनला कायबी झालेलं न्हाई," तो म्हणाला. "मोटारीच्या पाइपाच्या तोंडाला, फूटवॉल्व्हला, कचरा बसला की कसं व्हतं? मोटार नुसती बोंबलती, पाणी फेकत न्हाई. हिचंबी तसंच असणार."

त्याने मला कुशीवर केलं आणि जाळीत हात घातला. पंख्याच्या दांड्याला तांबडे धागे गुंडाळले होते. त्याने ते कापून फेकून दिले.

एप्रिलमधल्या एका दुपारी अक्षदा एकटीच मला घेऊन निघाली. ऊन होतं, वारा नव्हता. ती समोरच्या डोंगराकडे बघत होती, वेग पुरा होता. मधलं पाणी आलं आणि पुन्हा तो गारवा. माझ्या जाळीत काहीतरी शिरलं, पंख्याभोवती आवळलं आणि माझा जोर गेला. नाक खाली करून मी जागच्या जागी थांबले.

अक्षदा चिडली. तिने दोनदा थ्रॉटल दाबला, मग बंद करून वाकून पाहिलं.

माझ्या नाकापुढे हातभर अंतरावर, पाण्याच्या जेमतेम वीतभर खाली, एका वाळक्या झाडाचा शेंडा होता. भाल्यासारखा टोकदार. पाणी हललं की तो दिसायचा, पुन्हा नाहीसा व्हायचा. मी आणखी दोन श्वास धावले असते, तर मीही उरले नसते आणि तीही.

दुसऱ्या बोटीने मला काठावर ओढून आणल्यावर, पुन्हा बोलावलेल्या भिमाजीने जाळीतून कापड ओढून काढलं. तांबड्या पागोट्याची लांब पट्टी, टोकाला एक गाठ. भिमाजीने नखाने ओढली, पक्कडीने ओढली, सुटेना.

काठाच्या वर सखूबाई राहायच्या. बुडालेल्या गावातल्याच त्या, आता वरच्या अंगाला नाचणी करायच्या. काठावर जमलेल्यांचा गलका ऐकून त्या खाली आल्या. पट्टी पाहिली आणि तिथेच बसल्या.

"मावशी, काय झालं?" अश्विनीने विचारलं.

सखूबाईंनी गाठ हातात घेतली, डावीकडून एक टोक ओढलं. गाठ सुटली.

"आमच्या मालकांची गाठ हाय. डावखुरे व्हते ते."

त्यांचे मालक म्हणजे नवरा, गेणभाऊ. तीस वर्षं त्यांनी या पाण्यात होडी चालवली. घरापुढचा आंबा पाण्यात गेला होता. उन्हाळ्यात त्याचा शेंडा वर यायला लागला की गेणभाऊ पागोट्याची पट्टी फाडून त्याला बांधायचे. होड्यांना खूण म्हणून.

"म्हंजे त्यांनीच बांधलेली जुनी पट्टी," गोरख म्हणाला.

"चार वरसं झाली त्यांना जाऊन," सखूबाई म्हणाल्या. "ह्याच काठावर जाळलं आमी. पागोटं संगतीच दिलं व्हतं."

भिमाजीने पट्टी बोटांत चोळली. कापड नवं होतं. पाण्यात कुजलेलं कापड तसं करकरीत राहत नाही. तो हत्यारं गोळा करायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखूबाई गोरखकडे आल्या. "मला तितं ने," म्हणाल्या. मालक गेल्यापासून त्या पाण्यात उतरल्या नव्हत्या. गोरख पुढे बसला, त्या मागे. माझ्यावर तिघांची जागा आहे. शेवटची रिकामी होती.

आंब्यापाशी माझा जोर जाईल असं मला वाटलं, आणि तो गेलाच. जाळीत या वेळी काही नव्हतं. सखूबाईंनी वाकून पाण्यात हात घातला, शेंड्यावर ठेवला.

"लई राखण केली," त्या हळू म्हणाल्या. "आता ही पोरं ड्रम बांधत्याल खुणेला. तुमी चला घरी."

चुलीच्या धुराचा वास आला. गोरखलाही आला असावा, कारण त्याने मागे वळून पाहिलं. मग माझा पंखा आपसूक मोकळा झाला.

परतताना मी पाण्यात खोल बसले होते. माणसाचं वजन मला चुकत नाही. जाताना दोघं होती, येताना तिघं. गोरख पुढेच बघत होता, त्याची मान ताठ होती. काठाला लागल्यावर सखूबाई उतरल्या. लगेच निघाल्या नाहीत. माझ्याकडे तोंड करून त्यांनी हात पुढे केला, मागून उतरणाऱ्याला धरावा तसा. क्षणभर थांबल्या. आणि मी एका माणसाच्या वजनाने वर आले.

त्यानंतर आंब्याभोवती निळे ड्रम तरंगायला लागले. माझा जोर पुन्हा कधी गेला नाही. मधलं पाणी आता इतर पाण्यासारखंच कोमट लागतं, आणि खरं सांगू, मला तिथे एकटं वाटतं.

कधी या धरणावर आलात तर माझ्यावर बसा, भीती नाही. फक्त एवढं करा: मी मध्येच अडले, तर लगेच थ्रॉटल दाबू नका. आधी पुढचं पाणी बघा.