एकोणिसाव्या पानावरची ओळ

बाइंडरच्या टेबलावर खळीचं भांडं, अर्धी शिवलेली वही आणि उघडा लॅपटॉप होता. पडद्यावर एकाच पानाच्या दोन प्रती शेजारी शेजारी. एकीच्या कोपऱ्यात इवलीशी कात्री काढलेली, दुसरीचा कोपरा धुतल्यासारखा स्वच्छ. चित्रकाराची मुलगी बाइंडरला आणि त्याच्या मेहुण्याला एवढंच विचारून थांबली होती की, हे काम तुम्हा दोघांपैकी कोणाचं?

तिच्या वडिलांचं, दीपगृहाच्या पहारेकऱ्यावरचं चित्रकथेचं पुस्तक आता कुठेच उरलं नव्हतं. तिच्या घरीही नाही. ते पुन्हा छापायचं आणि ज्यानं ते जपलं त्याचं नाव पहिल्या पानावर घालायचं, असं तिनं ठरवलं होतं. बाइंडरला ते नाव हवं होतं. इतकं, की त्याची त्यालाच लाज वाटत होती.

जुन्या चित्रकथा स्कॅन करून वाटणाऱ्या त्यांच्या ग्रुपचे नियम तीनच. स्कॅन करणाऱ्याची खूण पुसायची नाही. विचारल्याशिवाय दुसऱ्या ग्रुपवर चढवायचं नाही. पानात पदरचं काही घालायचं नाही. पहिले दोन बाइंडरच्या मेहुण्यानं मोडले होते; बाइंडरची कात्रीची खूण पुसून पानं दुसऱ्या ग्रुपवर चढवली होती.

"भाऊजी, पुस्तक काय तुमच्या आजोबांनी काढलं होतं?" मेहुणा म्हणाला. "माझ्या स्वच्छ पानावर ही कात्री तुम्हीच माशीसारखी बसवलीत. स्कॅन माझं आहे."

"रद्दीतून उचललं मी ते. एकेक पान वाफेवर सोडवलं. तू काय केलंस? बोट दाबलंस."

"असं मीही म्हणेन. पुरावा दाखवा."

"भांडू नका हो," मुलगी म्हणाली. "मला एकोणिसावं पानच पुष्कळ आहे. 'दिवा मी सांभाळीन, तू समुद्र विसरून नीज.' बाबांच्या फोटोखाली हीच ओळ लिहिलीय आम्ही. घरात असं कधी बोलले नाहीत ते. वाटलं, निदान इथे तरी बोलले."

बाइंडरची नजर खळीच्या भांड्यात रुतली. पुरावा होता तो त्या ओळीतच. पहारेकऱ्याच्या बायकोच्या तोंडचे शब्द वाळवीनं खाल्ले होते. चित्रकाराच्या अक्षराचं वळण चार दिवस गिरवून त्यानं तिथे आपले शब्द बसवले होते. तिसरा नियम त्याचाच मोडला होता. गप्प राहिलं, तर फोटोखालची ओळ जागच्या जागी राहणार होती.

"बघा, दातखीळ बसली," मेहुणा हसला. "ताई, लिहा माझंच नाव."

बाइंडरनं खण ओढला आणि स्कॅननंतर उरलेलं एकमेव मूळ पान, एकोणिसावं, तिच्यासमोर ठेवलं. "ती ओळ माझी आहे. याच्या प्रतीत आलीय, म्हणजे स्कॅन माझंच."

बोलण्याच्या फुग्याजागी कुरतडलेलं भोक होतं. मुलीनं त्यावर बोट ठेवलं. बोटाला टेबलाचं लाकूड लागलं.

"मग बाबांनी काय लिहिलं होतं?"

"ठाऊक नाही."

तिनं पान अलगद उचलून बाइंडरच्या हातात दिलं आणि पिशवी खांद्याला लावली.

"ताई," तो उभा राहत म्हणाला, "नावाचं राहू द्या. पण ती ओळ... ठेवाल ना पुस्तकात?"

जमिनीवरची कागदाची कात्रणं चुकवत ती दाराबाहेर पडली.